‘आनंदी आनंद गडे’वर नाच बसवतो, मग त्याच कवीची उदासीनता कुठे ठेवतो?

माहेरवाशीण
जानेवारीत भाचीच्या शाळेचं गॅदरिंग होतं. गाव धरणगाव तालुक्यातलं, म्हणजे बालकवींचं घरचं अंगण. पोरींनी ‘आनंदी आनंद गडे’वर नाच केला. माझा भाऊ पहिल्या रांगेत मोबाईल उंच धरून शूटिंग करत होता, टाळ्याही त्याच्याच जोरात. त्याचं कृषी सेवा केंद्र आहे. दुकानदाराचं तोंड हसरं लागतं. फॅमिली ग्रुपवर पहाटे फुलांचा फोटो आणि खाली ‘हसत रहा’, हे रोज त्याचंच. आम्ही म्हणायचो, बघा, किती लवकर उठतो.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेले. ओट्यावर दोघं शेंगा फोडत बसलो होतो. त्याने पेपरावर दाण्यांचा हा एवढा ढीग केला आणि एक दाणा तोंडात टाकला नाही. मी म्हटलं, खा की. तर म्हणे, ‘ताई, दुःख असं काहीच नाही गं. पण काही वाटतच नाही.’ तेवढ्यात आई आतून ओरडली, ‘तुले काय कमी शे?’ झालं. तो हसला आणि विषय संपला.

त्या रात्री बालकवींच्याच दुसऱ्या ओळी आठवल्या:

कोठुनि येते मला कळेना
उदासीनता ही हृदयाला
काय बोचते ते समजेना
हृदयाच्या अंतर्हृदयाला

भाऊ हेच तर सांगत होता. माणूस तोच, लेखणी तीच. एका कवितेवर आपण झालरीचे फ्रॉक घालून पोरी नाचवतो, आणि दुसरी माझ्या शाळेत कधी कानावरही पडली नाही. पोराला आनंदाचे शब्द पाठ आणि उदासीचा एक शब्द माहीत नाही, तर मोठेपणी त्याने सांगायचं कशात? माझा राग आहे तो यावर.

निवृत्त मास्तर
ताई, भावाकडे लक्ष द्या, ते आधी. पण कवितेवर राग काढू नका. मी एकतीस वर्षं मराठी शिकवलं. ‘वरती खाली मोद भरे, वायूसंगे मोद फिरे’ यात कोणी कोणाला हसण्याची सक्ती केलेली नाही. कवीला वाऱ्यात, चांदण्यात आनंद दिसला, तो त्याने दाखवला. आयुष्यभर पैशाची ओढाताण सोसलेल्या माणसाचा हा आनंद आहे, फुकटचा नाही. आणि आठ वर्षांच्या पोरीला तुम्ही ‘उदासीनता’वर नाचवणार का? प्रत्येक कवितेचं वय असतं.

माहेरवाशीण
सर, सक्ती नाही म्हणता, मग शेवटाकडचं कडवं काढा: ‘स्वार्थाच्या बाजारात किती पामरे रडतात’. रडणारे पामर, आणि रडतात कशामुळे, तर स्वतःच्या स्वार्थामुळे. माझ्या भावाने हे वाचलं तर स्वतःला कोणत्या रांगेत उभं करेल?

निवृत्त मास्तर
तिथे रडणं हावरटपणाचं आहे, बाजारातलं. आजाऱ्याला पामर म्हटलेलं नाही. पण हो, वर्गात मी त्या ओळीवर कधी थांबलो नाही, हे कबूल करतो. चाल इतकी उडती आहे की माणूस पुढे वाहत जातो.

भुसावळकर
ज्याचा शेवट भादलीच्या रुळांवर झाला, त्याच्या आनंदावर काय विश्वास ठेवायचा? काय झालं असेल ते कळतंच की सगळ्यांना.

निवृत्त मास्तर
काही कळत नाही. १८९० चा जन्म. १९०७ ला जळगावच्या कविसंमेलनात ‘बालकवी’ ही पदवी मिळाली, आणि ५ मे १९१८ ला भादली स्टेशनाजवळ रेल्वे अपघातात गेले, वय सत्तावीस. हा अपघात होता. चार उदास कविता हातात धरून मेलेल्या माणसाचा पंचनामा करायचा नसतो. तसं असेल तर ‘श्रावणमासी’ कोणत्या खात्यात टाकाल?

केळीबाग
तुमची साहित्याची चर्चा झाली असेल तर मी बोलतो. रावेरकडचा आहे. केळीवर सीएमव्ही हा विषाणूचा रोग आला, निम्मी बाग उपटून बांधावर टाकली, त्यानंतरची गोष्ट. पोटात गोळा, छातीत धडधड. दोनदा सोनोग्राफी, एकदा ईसीजी. रिपोर्ट नॉर्मल आले की घरचे खूश, आणि मला वाटायचं, चला, आता दुखतंय म्हणायचीही सोय राहिली नाही. चौथ्या डॉक्टरने मशीनच लावलं नाही. नुसतं विचारलं, पहाटे जाग किती वाजता येते? म्हटलं, तीन. मग तो पेन खाली ठेवून बोलायला लागला.

ताई, तुमच्या भावाचे ते फुलांचे फोटो परत काढून बघा. वर वेळ असते. तो लवकर उठत नसेल, त्याला जाग येत असेल.

आमच्याकडे या आजाराला शब्दच नाही, इथवर तुमचं बरोबर. ‘करमत नाही’ म्हणतो, ‘जीव लागत नाही’ म्हणतो, नाहीतर सरळ पोट दुखतं म्हणतो. पण शब्द मिळाला म्हणून झोप येत नाही. मला गोळ्यांनी आली, तीन आठवडे गेल्यावर. कविता वाचत बसलो असतो तर तसाच बसलो असतो.

कळण्याची भाकर
केळीबाग भाऊ, गोळीचं खरंच आहे. पण चौथ्या डॉक्टरने विचारलं तसं विचारायला घरात कोणाला सुचत नाही ना! कविता कधीकधी ते काम करते. आमच्या बहिणाबाई बघा. तिशीत विधवा, लिहिता-वाचता येत नव्हतं, जात्यावर आणि शेतात गायच्या. त्यांच्या या ओळी लोक हमखास स्टेटसला टाकतात:

रडू नको माझ्या जीवा
तुले रड्याची रे सव
रडू हासव रे जरा
त्यात संसाराची चव

वाचणाऱ्याला वाटतं, बघा, खान्देशची बाई सांगतेय हसा म्हणून. पण हीच बाई त्याच कवितेत आधी म्हणते, ‘आसू सरले सरले, आता हुंदके उरले’. डोळ्यांतलं पाणी संपलंय, नुसते हुंदके येताहेत, आणि मग ती समजावते. तेही कोणाला? स्वतःच्या जिवाला. शेजारणीने येऊन तिला ‘रडू नको’ म्हटलेलं नाही. मी माझ्या जिवाला म्हणणं वेगळं आणि तुम्ही मला म्हणणं वेगळं. आपण वरचे हुंदके कापतो आणि खालचा उपदेश फॉरवर्ड करतो.

बारावी_सायन्स
हे मला नाही पटलं. स्वतः स्वतःला सांगितलं म्हणजे दाब नसतो का? माझी आजी देवासमोर एकटी बसून स्वतःलाच म्हणते, ‘रडायचं नाही.’ ते वाक्य तिला लहानपणी कोणीतरी ऐकवलेलंच आहे की. ताईंची आई ‘काय कमी शे’ म्हणाली, तेही तिच्या आईचंच वाक्य असणार.

अजून एक, तुम्ही मोठे लोक रागवाल. आमच्या वयात उलटंच चाललंय. पाऊस, खिडकी, मागे गाणं आणि दोन उदास ओळी, की लाईक. खरंच बरं नसलेला मुलगा त्यात ओळखूच येत नाही. तो तर बहुतेक क्रिकेटचे व्हिडिओ टाकत असतो.

कळण्याची भाकर
आजीचं वाक्य लागलं रे. यावर माझ्याकडे उत्तर नाही. तरी बहिणाबाईंना त्या आजीच्या रांगेत बसवायला मन धजत नाही.

निवृत्त मास्तर
बारावी_सायन्स, रागवत नाही. माझ्या वर्गातही एक होता, सगळ्यांना हसवणारा. पुढचं इथे लिहीत नाही. तो तास परत मिळाला असता तर दोन्ही कविता एकाच दिवशी फळ्यावर लिहिल्या असत्या. आठ वर्षांच्या पोरीसाठी नाही म्हणतोय, अजूनही. नववीला चालेल.

माहेरवाशीण
केळीबाग भाऊ, ग्रुपवरच्या वेळा काढून बघितल्या. ३:१०, ३:२५, ३:०५. डिसेंबरपासून. आम्ही सतरा जण त्या ग्रुपवर आहोत.

काल भावाला त्या चार ओळी पाठवल्या. बराच वेळ निळ्या खुणा दिसत होत्या, उत्तर नाही. मग आलं, ‘हे कोणी लिहिलंय?’ मी लिहिलं, ‘आनंदी आनंदवाल्यानेच.’ त्यावर त्याने फोनच केला.

केळीबाग
चांगलं झालं. डॉक्टरकडे नेलं का?

माहेरवाशीण
सोमवारी जळगावचा नंबर लावलाय. आईला सांगितलंय की पोटासाठी जातोय.

केळीबाग
जाऊ द्या, पोट तर पोट. तोवर रात्री अवघड वाटलं तर १४४१६ लावायला सांगा, टेलिमानसचा नंबर आहे, सरकारी, फुकट, मराठीत बोलतात. आणि सोमवारी दुकान बंद ठेवायला लावा. नाहीतर गिऱ्हाईक आलं म्हणून थांबेल, मी तीनदा थांबलो होतो.