एकाच नावाच्या तीन काओरी: 'नामसाधर्म्य' की 'सारखे नाव'?

अनुवादिका
कुमारवयीन वाचकांसाठी जपानी खेळाडूंवरचा एक लेख मी मराठीत आणते आहे. त्यात २००४ ते २०१६ अशा सलग चार ऑलिंपिकमध्ये कुस्तीचे सुवर्णपदक मिळवणारी काओरी इचो आहे, २०१२ साली लंडनमध्ये ज्युदोच्या ५७ किलो गटात सुवर्णपदक जिंकणारी काओरी मात्सुमोतो आहे आणि २०२२, २०२३, २०२४ अशी ओळीने तीन वर्षे फिगर स्केटिंगमध्ये जगज्जेती ठरलेली काओरी साकामोतो आहे. मी 'नामसाधर्म्य असलेल्या तिघी' असे लिहिले होते. संपादकांनी ते खोडून 'सारख्या नावाच्या तिघी' असे केले, कारण त्यांच्या मते 'नामसाधर्म्य' म्हटले की वाचकाला घोटाळाच आठवतो. मला मात्र 'सारख्या' हा शब्द टोचतो आहे, कारण सारखे म्हणजे तेच नव्हे. अशा व्यक्तींसाठी आपल्याकडे एखादा नेटका शब्द आहे का?

पेठेतला वाचक
'नामसाधर्म्य' या शब्दाला माझा मुळातच आक्षेप आहे. साधर्म्य म्हणजे समान धर्म असणे. मुख आणि चंद्र यांच्यात साधर्म्य असते, कारण आल्हाद देणे हा धर्म दोघांतही आहे. नाव हे बाहेरून ठेवलेले असते, तो कोणाचा धर्म नसतो. म्हणून 'नामसाम्य' हाच शब्द योग्य ठरतो आणि संपादकांनी तोच सुचवायला हवा होता.

खेळवेडा
रूढी म्हणून काही असते की नाही? निवडणुकीत एकाच नावाचे दोन उमेदवार उभे राहिले की वर्षानुवर्षे 'नामसाधर्म्य' हाच शब्द छापून येतो आणि तो कोणालाही अडत नाही. आमच्या चाळीत माझ्या वडिलांच्याच नावाचे आणि आडनावाचे दुसरे गृहस्थ राहत होते. त्यांचे टपाल आमच्याकडे आणि आमचे त्यांच्याकडे जाई, पण दोन्ही घरे एकमेकांना 'आमचे नाववाले' म्हणत. 'नाववाले' हा शब्द कोशात नसेल, तरी त्यात जिव्हाळा आहे.

इचोबद्दल एक सांगावेसे वाटते. २०१६ साली रिओत साक्षी मलिकला कांस्यपदक मिळाले ते इचोच्याच ५८ किलो गटात. साक्षीला हरवणारी रशियाची कोब्लोवा अंतिम फेरीत पोहोचली, म्हणूनच साक्षीला रेपेचेजची, म्हणजे हरल्यानंतरही कांस्यपदकासाठी लढण्याची, संधी मिळाली, आणि त्या कोब्लोवाला अंतिम लढतीत इचोने हरवले. त्या रात्री आमच्या घरात सगळे तिला 'कावरी' म्हणत होते. तो उच्चार चूक आहे का?

जपानी शिकवणारी
आजच्या उच्चारात 'का' आणि 'ओ' वेगळे ऐकू येतात, म्हणून 'काओरी' हेच लेखन योग्य आहे. जुन्या जपानी लेखनपद्धतीत मात्र हा शब्द 'कावोरी' असा लिहीत असत, त्यामुळे तुमच्या घरातला 'व' अगदीच निराधार म्हणता येणार नाही.

अनुवादिकाताई, तुमच्या 'तेच नाव' या कल्पनेतच खरी अडचण आहे, कारण या तिघींची नावे तीन वेगळ्या प्रकारे लिहितात. इचोच्या नावासाठी एकच चित्राक्षर आहे. त्याच्या वरच्या अर्ध्यात वाजवायच्या शिळेचे चिन्ह आणि खाली 'सुगंध' आहे, आणि अर्थ होतो दूरवर पोहोचणारा सुवास. मात्सुमोतोचे नावही एकाच चित्राक्षराचे असून त्याच्या डोक्यावर गवताचे चिन्ह आहे. सुगंधी वनस्पतीबरोबरच धुरी देणे हाही त्याचा अर्थ आहे. साकामोतोचे नाव दोन चित्राक्षरांचे आहे: 'का' म्हणजे फूल आणि 'ओरी' म्हणजे विणणे. तिच्या नावातला सुगंध फक्त कानाला जाणवतो, कागदावर विणलेली फुले दिसतात.

आता याची दुसरी बाजू पाहा. ब्रायटनकडून खेळलेल्या मितोमा या फुटबॉलपटूचे नाव मात्सुमोतोच्याच चित्राक्षराने लिहितात, पण त्याचा उच्चार 'काओरु' असा होतो. म्हणजे मात्सुमोतोचा खरा नाववाला कोण, इचो की मितोमा?

पेठेतला वाचक
फार मोलाची माहिती दिलीत. अमरकोशातही गंधांमध्ये असाच भेद केला आहे. कुस्करल्यावर उठणारा मनोहर गंध तो परिमल आणि दूरवर पसरणारा तो आमोद. त्या हिशेबाने इचो ही 'आमोद' ठरते. मात्सुमोतोला 'परिमळ' म्हणता येणार नाही, तिच्यासाठी धुपाशी नाते सांगणारा शब्द शोधावा लागेल.

जपानी शिकवणारी
तो शब्द तुमच्या तोंडी रोज असतो. बौद्ध ग्रंथांच्या चिनी भाषांतरांत 'वासना' या संस्कृत संज्ञेसाठी जो जोडशब्द योजला, त्याचे पहिले चित्राक्षर मात्सुमोतोच्या नावातलेच आहे. धुपाजवळ ठेवलेल्या वस्त्राला जसा वास लागून राहतो, तसा कर्माचा ठसा चित्तावर राहतो, अशी ती कल्पना आहे.

पेठेतला वाचक
'वासना' ही वस्, म्हणजे राहणे, या धातूकडेही नेता येते. मनात जी वसते ती वासना. निवासातला वास आणि सुवासातला वास आपण एकाच अक्षरांनी लिहितो, म्हणून 'सुवासिनी' या शब्दात पुष्कळांना अत्तर दिसते, वास्तविक तिथे वस्ती आहे. जपानी लेखनात असा गोंधळ डोळ्यांना होत नाही, हे मला त्या लिपीचे वैभव वाटते.

सुरंगी
साकामोतोच्या नावावरून मला वळेसर आठवला. आमच्या सावंतवाडीकडे सुरंगीचे वळेसर करतात. फुले इतकी दाटीने गुंफलेली असतात की मधला दोरा दिसत नाही, आणि वळेसर सुकल्यावरही कपाटात त्याचा वास राहतो. माझी आजी त्याला 'वास'च म्हणायची. 'सुगंध' हा शब्द मी तिच्या तोंडून कधी ऐकला नाही. शहरात आल्यावर 'वास येतो' म्हटले की लोक नाक का मुरडतात, हे मला बरेच दिवस कळत नव्हते. लेखात साकामोतोच्या नावाचा अर्थ 'फुलांची वीण' असा द्यावा, एवढीच विनंती.

खेळवेडा
'वीण' नको, कारण त्याचा दुसरा अर्थ मुलांच्या लेखात अडचणीचा होईल. 'फुलांची गुंफण' म्हणावे.

सुरंगी
गुंफण वेगळी आणि वीण वेगळी. जपानी अक्षरात विणणे असेल, तर आपण ते बदलू नये. स्वेटरची वीण म्हणताना कोणाला काही वावगे वाटते का?

अनुवादिका
'फुलांची वीण' आत्ताच लेखात घातली. पहिले वाक्य तूर्त 'तिघींच्या नावाचा उच्चार एकच आहे, पण लेखन तीन तऱ्हांचे' असे केले आहे. संपादकांना ते लांब वाटते. आज रात्रीपर्यंत मजकूर द्यायचा आहे, त्यामुळे 'नाववाली' हे स्त्रीलिंगी रूप आणखी कोणाच्या घरात वापरात असेल, तर कृपया लगेच कळवावे.

पेठेतला वाचक
'नाववाली'मध्ये होडीवाली ऐकू येते. 'समनामा' पाहा.