तानपुऱ्याच्या चिठ्ठीवर ४४० लिहायला अडचण काय आहे?

पांढरी दोन, मिरज

गेल्या आठवड्यात ओळखीची चार-पाच गाणारी-वाजवणारी मंडळी मिरजेत बसली होती. परदेशी जाणाऱ्या तानपुऱ्याच्या चिठ्ठीवर नुसतं ‘काळी एक’ किंवा ‘काळी चार’ असं पेटीच्या (हार्मोनियमच्या) पट्टीचं नाव न लिहिता शेजारी हर्ट्झचा आकडाही द्यावा, आणि तो ४४० ची आंतरराष्ट्रीय पट्टी धरून द्यावा, असं एकाने सुचवलं. झालं, तिथेच वाद पेटला. ‘आपला षड्ज (सा) परक्यांच्या मापाने मोजायचा का?’ इथपर्यंत गोष्ट गेली. मला तिथे नीट बोलता आलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

माझं म्हणणं, आकडा बेलाशक लिहावा. ४४० म्हणजे पेटीच्या मधल्या सप्तकातली पांढरी सहा सेकंदाला ४४० कंपनं देईल, एवढाच करार. तो युरोपातही सुखासुखी झालेला नाही. फ्रान्सने १८५९ साली कायद्याने ४३५ ठरवलं, १८८५ च्या व्हिएन्ना परिषदेत तेच पुढे आलं, आणि पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहात, कलम २८२ मध्ये, इतर करारांच्या यादीत हा स्वराचा करारसुद्धा घातलेला आहे. ४४० वर मतैक्य झालं १९३९ साली लंडनमध्ये, आणि आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने ते घेतलं १९५५ साली. इतकं करून आजही तिकडचे काही मोठे वाद्यवृंद ४४२-४४३ ला लावतात.

आपल्याकडे षड्ज कधीच ठरावीक उंचीला बांधलेला नव्हता. ज्याचा गळा जिथे लागतो तिथे त्याचा सा. मग ४४० ने आपलं काय हिरावलं? ‘काळी एक’ हे मापही युरोपातून आलेल्या पेटीचंच आहे, आणि ते आपण केव्हाच पचवलंय.

जपायचं आहे ते वेगळंच. तानपुऱ्याचा खर्ज (सगळ्यात खालच्या स्वराची तार) नीट लागला की त्यातून गांधार (ग) आपोआप बोलतो, तो षड्जाशी पाचास चार या प्रमाणात असतो. सेंटमध्ये, म्हणजे सप्तकाचे १२०० भाग धरून मोजलं तर, ३८६. पेटीवरचा शुद्ध गांधार ४०० वर बसवलेला. हा चौदा सेंटचा फरक ज्याला ऐकू येतो त्याला पेटीवर भूप राग ऐकताना त्रास होतो. भांडायचं तर या गांधारासाठी भांडा. ४४० शी भांडणं म्हणजे दार सताड उघडं टाकून खिडकीला कुलूप लावणं.

कृष्णाकाठ, सांगली

दादा, कागदावर तुमचं बरोबर आहे. पण ही प्रमाणं एकेकटी येत नाहीत. ४४० आलं की मोबाइलमधला ट्यूनर येतो, आणि त्याच्यात बारा समान स्वर आधीच भरलेले असतात. १९८३ ची मिडी पद्धत, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्यं एकमेकांशी जोडायची भाषा, अमेरिकन आणि जपानी कंपन्यांनी ठरवली. तिच्यात स्वर म्हणजे एक नंबर, ६९ नंबर म्हणजे ४४० ची पांढरी सहा. गांधाराला स्वतःची जागा हवी तर वर वेगळी खटपट करा. आज क्लासला येणारी मुलं गांधार गातात आणि पडद्यावर हिरवा दिवा लागला का ते बघतात. हिरवा दिवा ४०० ला लागतो, ३८६ ला नाही! म्हणजे बरोबर गाणारं पोर चुकलं ठरतं.

आणि मोजमापाचा हा प्रयोग आपल्या जिल्ह्यात होऊन गेलाय. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींवर (सप्तकातल्या सूक्ष्म स्वरस्थानांवर) इंग्रजीत पुस्तक काढलं. साताऱ्याचे जिल्हा न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमेंट्स त्यांच्या जोडीला होते, गळा अब्दुल करीम खाँसाहेबांचा होता. त्यातून श्रुतींची पेटी तयार झाली. १९१६ च्या बडोद्याच्या परिषदेत ती मांडली, तेव्हा गवयांचे स्वर काही त्या पट्ट्यांवर बसले नाहीत. सगळी माणसं प्रामाणिक होती, कष्ट खरे होते, तरी गाणं त्या चौकटीत मावलं नाही. यातून काही शिकायचं की नाही?

जवारी

मी वाद्यांच्या कामातला आहे. वादाच्या आधी जरा काम समजून घ्या.

तानपुरा कुठल्या पट्टीचा करायचा ते आधी ठरतं. बाईंच्या काळी चारचा निराळा, पुरुषांच्या काळी एकचा निराळा. भोपळा केवढा, दांडी किती, तार किती जाड, सगळं त्यावर. शेवटी जवारी, म्हणजे तारेला झंकार येईल अशी घोडी घासणं. घोडीवर कानस अगदी हलक्या हाताने फिरवायची, तार चढवायची, दोरा सरकवायचा, ऐकायचं. परत तार उतरवायची, परत कानस. एक तार बोलायला लागली की शेजारची रुसते. हे यंत्राने होत नाही, आणि कुणी करायला सांगतही नाही.

अडतं कुठे ते सांगतो. गिऱ्हाईक फोनवर सांगतो ‘काळी एक’. त्याच्या घरची पेटी जुनी, उतरलेली, तिची काळी एक तिच्यापुरती. आम्ही इथे आमच्या पेटीवर करतो. वाद्य तिकडे पोचतं, तो आपल्या पेटीला लावतो, तार एक तर ताठ होते नाही तर सैल पडते, आणि जवारी बोलेनाशी होते. नाव आमचं खराब. २७७ हर्ट्झ असं लिहिलं असतं तर निम्मी भांडणं झाली नसती. मला कुणाच्या संस्कृतीचा प्रश्न सोडवायचा नाही, वाद्य बोललं पाहिजे.

ॐकारनाद, सातारा

सगळे ४४० वर अडून बसलेत. मूळ भारतीय स्वर ४३२ आहे, वेदकालापासून. ४४० हे नंतर मुद्दाम लादलेलं आहे. आपण ४३२ लिहावं, प्रश्न मिटला.

पांढरी दोन, मिरज

ॐकारनाद, आपल्या परंपरेबद्दल तुम्हाला आस्था आहे हे दिसतंय, म्हणून नीट उत्तर देतो. हर्ट्झ म्हणजे एका सेकंदातली कंपनं. आपली जुनी कालगणना घटका-पळांची, एका पळात चोवीस सेकंद. ४३२ हा आकडा मुळात घड्याळाच्या सेकंदाशिवाय काढताच येत नाही. नाट्यशास्त्रात बावीस श्रुती आहेत, स्वरांमधली अंतरं आहेत, षड्जाची ठरावीक उंची नाही. ती नाही हेच आपल्या शास्त्राचं मोठेपण आहे. गाणारा आधी, आकडा मागाहून. ४३२ भारतीय म्हणून मिरवलं तर ते मोठेपणच आपण घालवू.

कृष्णाकाठ, देवलांच्या प्रयोगाकडे मी उलट नजरेने बघतो. बडोद्यात पेटी टिकली नाही, पण आपल्या माणसाने आपला स्वर जगाच्या भाषेत मांडायचा प्रयत्न केला होता. तो सोडल्यावर काय झालं? इंग्रजी बारा स्वरांची पेटी घरोघरी गेली, तिला कुणी अडवलं नाही.

कृष्णाकाठ, सांगली

अडवलं होतं. १ मार्च १९४० पासून आकाशवाणीवर पेटी बंद होती, तीसेक वर्षं. तेवढा काळ रेडिओवर साथीला सारंगी राहिली. बंदी कडक होती, अन्यायाचीही असेल, पण तिने एक कान जपला.

तिसरी घंटा, विटा

ताई, त्या बंदीची बाजू घेऊ नका. पेटीविरुद्ध लिहिणारे जॉन फाउल्ड्स हे इंग्रजच होते, दिल्ली रेडिओवर पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख. भारतीय गाणं शुद्ध कसं राहावं ते त्यांनी सांगितलं आणि आपण त्याला राष्ट्राभिमान म्हटलं. इकडे पेटीवर आयुष्य घालवलेल्या कितीतरी वादकांना रेडिओचं दार बंद झालं. अस्मितेच्या नावाने घेतलेल्या निर्णयाची किंमत कोण भरतं, तेही मोजा. घेणारे भरत नाहीत.

दुसरं म्हणजे २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, आपण सगळ्यांनी अभिमानाने फोटो टाकले. ते मानांकन आलं कुठून? जागतिक व्यापार संघटनेच्या बौद्धिक संपदा करारामुळे भारताने १९९९ साली कायदा केला, त्यातून. ‘हे फक्त मिरजेचं’ असं जगाला ठणकावून सांगायला आपल्याला जगाचाच कागद लागला.

कृष्णाकाठ, सांगली

बंदीबद्दलचं मान्य, वादकांचे हाल झाले. मानांकनाचं मात्र वेगळं आहे. त्यात आपण सांगतो आमचं वाद्य कसं असतं, आणि जग ते नोंदवून घेतं. ४४० मध्ये जग सांगतं आणि आपण लिहून घेतो. दोन्ही एका मापाने तोलू नका.

जवारी

मग ताई, आपणही सांगू या की. चिठ्ठीवर हर्ट्झ लिहू, आणि त्याच्याच खाली लिहू की या वाद्याचा गांधार ट्यूनरवर चौदा सेंट उतरलेला दिसेल, तो तसाच असतो, वाद्य बिघडलेलं नाही. गेल्या वर्षी एकाने त्याच कारणासाठी फोन केला होता, ‘गांधार फ्लॅट येतोय’ म्हणून.

पांढरी दोन, मिरज

हे मला शंभर टक्के पटलं. आणि पुढे जाऊन म्हणतो, आयएसओवर भारताच्या वतीने भारतीय मानक ब्युरो बसतो. तानपुऱ्याच्या स्वरांतरांचं मानक आपण लिहून तिथे का नेऊ नये? मिरजेतून नाही नेलं तर कुठून नेणार?

कृष्णाकाठ, सांगली

चिठ्ठीवरची ती दुसरी ओळ लिहिणार असाल तर पहिलीला माझा विरोध नाही. मानक लिहायला माझा विरोधच राहील. भूपातला गांधार आणि यमनातला गांधार एकच आकडा आहे का, हे आधी मिरजेतल्या दोन गवयांना विचारा. त्यांचं एकमत झालं तर मला सांगा, मग दिल्लीचं बघू.

जवारी

चिठ्ठीचा मजकूर मी उद्या इथे टाकतो. मराठी मी लिहीन, इंग्रजी कुणीतरी नीट करून द्या. पुढच्या महिन्यात दोन तानपुरे जायचेत, त्यांच्यावर तीच लावू.