गाडलेला, पुरलेला की बुजलेला ज्वालामुखी?

प्रश्न : समुद्रतळाखाली गाळाच्या थरांनी पार झाकून टाकलेल्या जुन्या ज्वालामुखींवर एक लेख लिहितोय. 'निद्रिस्त', 'मृत' हे शब्द उद्रेकाबद्दल सांगतात, तो डोंगर आता आहे कुठे ते नाही. 'पुरलेला' म्हटलं की कोणीतरी फावडं घेऊन पुरलाय असं वाटतं. 'बुजलेला' चालेल? विहीर गाळाने आपोआप बुजते, तसा. आणि सेडिमेंटरी बेसिनला 'खोरे' लिहू का?

प्रतिसाद : खोरे नको. कृष्णा खोरे म्हणतो तेव्हा नदी आणि तिचे ओढेनाले डोळ्यांपुढे येतात. इथे जमीन खचत गेली आणि खचता खचताच गाळाने भरत गेली. 'द्रोणी' बरा, पंगतीतला द्रोण आठवतो. हवामानवाले कमी दाबाच्या पट्ट्यालाही द्रोणी म्हणतात, म्हणून 'गाळाची द्रोणी' लिहा.

दुसरा प्रतिसाद : 'बुजलेला' पटत नाही. बुजतो तो खड्डा. विहीर बुजते, चर बुजतो, कानाचं भोक बुजतं. डोंगर गाडला जातो. द्रोणी बुजत गेली आणि ज्वालामुखी गाडला गेला, असं दोन्ही क्रियापदं वापरून लिहा.

एक सावधगिरी मात्र हवी. 'गाडलेला' या शब्दातून ज्वालामुखी कसा लपला ते कळतं, का जन्मला ते नाही. न्यूझीलंडच्या तारानाकी द्रोणीतला 'कोरा' नावाचा ज्वालामुखी घ्या. मायोसीन काळातला, म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीचा, अँडेसाइट या ज्वालामुखी खडकाचा हा शंकू आज किलोमीटरभरापेक्षा जास्त गाळाखाली आहे. तेल शोधणाऱ्यांनी १९८०च्या दशकात त्यात विहिरी खोदल्या. तिथे पॅसिफिक भूपट्ट (पृथ्वीच्या कवचाचा सरकता तुकडा) ऑस्ट्रेलियन भूपट्टाखाली शिरतो. खाली गेलेल्या खडकातून पाणी सुटतं, त्यामुळे वरचं प्रावरण, म्हणजे कवचाखालचा खडकाचा थर, कमी तापमानाला वितळतं आणि शिलारस तयार होतो. त्याच देशातल्या कँटरबरी द्रोणीत गाडलेले छोटे बेसाल्टी ज्वालामुखीही आहेत, पण त्यांचा असा भूपट्ट खाली शिरण्याशी संबंध नाही. तेव्हा 'गाडलेला' दिसला की लगेच 'भूपट्टांची टक्कर' लिहू नका.

प्रश्नकर्ता : मग खंबायतच्या द्रोणीच्या तळाशी आपल्या दख्खनचाच बेसाल्ट आहे, तोही गाडलेला ज्वालामुखी म्हणायचा?

दुसरा प्रतिसाद : नाही हो! 'ज्वालामुखी'त मुख आहे. तो बेसाल्ट बहुतांशी भेगांतून वाहत पसरला, कोरासारखा शंकू उभा राहिला नाही. वडोदऱ्याजवळच्या पादऱ्याला याच बेसाल्टच्या फटींतून तेल मिळतं. त्याला 'गाडलेले लाव्हाथर' म्हणा.

प्रश्नकर्ता : ठीक. शीर्षकात 'गाळाखालचे ज्वालामुखी' ठेवतो, आत 'गाडलेले'. 'बुजलेली' द्रोणीसाठी राखून ठेवतो.