पाठवलेल्या मेलची नोंद आपोआप वर्कलॉगमध्ये कशी टाकायची?

प्रश्न: कामाची नोंद साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवतो, पण अर्धा दिवस मेल लिहिण्यात जातो आणि नेमकं तेच लिहायचं राहतं, मेल गेला की तारीख, कोणाला, विषय एवढी एक ओळ आपोआप पडेल असं काही आहे का? मेल इमॅक्स या टेक्स्ट एडिटरमधूनच पाठवतो.

उत्तर: मग सोपंय. इमॅक्सच्या मेसेज-सेंट-हुकला (मेल गेल्यावर आपोआप काय चालवायचं त्याची यादी) ती ओळ लिहिणारं छोटं फंक्शन जोडा, ते मेल गेल्यावरच चालतं. अख्खा मजकूर नका टाकू हां, नंतर फाइल वाचणं जड जातं.

दुसरं उत्तर: फोनवरून पाठवलेले सुटतात ना यात! मी आयमॅपने (सर्व्हरवरचे मेल वाचायची पद्धत) सेंट फोल्डरच वाचतो, क्रॉनवर, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप चालणारी पायथनची स्क्रिप्ट, प्रत्येक मेलचा वेगळा मेसेज-आयडी तपासते म्हणून डबल नोंद नाही. मराठी विषय मेलमध्ये सांकेतिक रूपात असतो, तो डिकोड करा, म्हणजे परत वाचता येईल असा करा, नाहीतर नुसता अक्षरांचा कचरा दिसतो.

प्रश्नकर्ता: हुक लावला, चाललं! फोनचं नंतर बघतो.