'मिशन'ला रोजच्या वापरातला मराठी शब्द कोणता?

सदाफुली
आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या (चर्चच्या) त्रैमासिकाचा पुढचा अंक एकाच विषयावर आहे: रविवारच्या उपासनेतला विश्वास सोमवारी दुकानात, शाळेत, शेतावर कसा जगायचा. इंग्रजी मसुद्यात याला सरळ 'मिशन' म्हटलंय. मराठीत माझं तिथेच अडलं.

मी नगरची. (आता अहिल्यानगर, पण मिशन मात्र नगरचंच.) अमेरिकन मराठी मिशन, म्हणजे अमेरिकेतल्या प्रॉटेस्टंट धर्मप्रसारकांची संस्था, 1813 साली मुंबईत आलं, 1831 मध्ये नगरला. आमच्याकडे तेव्हापासून मिशन म्हणजे जागा. मिशन कंपाउंड, मिशनची शाळा. आजी 'मिशनात जाऊन येते' म्हणाली की ती दवाखान्यात चाललीय हे घरात कळायचं. मिरजेचं वानलेस हॉस्पिटलही लोकांच्या तोंडी मिशन हॉस्पिटलच. ज्या शब्दाला कुंपण आणि फाटक आहे, तो रोजच्या जगण्याला कसा लावू?

डोक्यात तीन पर्याय आहेत: सेवा, साक्ष, सुवार्ताप्रसार (येशूचा संदेश लोकांना सांगणं). तिसरा वाचला की सतरंज्या अंथरून माइक लावल्यासारखं वाटतं, म्हणून तो जवळजवळ बादच.

मधली_सुट्टी
'मिशन' तसंही सोडाच. पेपरात एका पानावर 'मिशनरी वृत्तीने शिकवणारे गुरुजी' म्हणजे कौतुक, आणि दुसऱ्या पानावर तोच शब्द संशयाचा. वर सरकारी 'जलजीवन मिशन' आहेच.

वसईची_वाडी
आमच्या कॅथलिक मराठीत 'प्रेषितकार्य' म्हणतात. धर्मगुरू नसलेले आम्ही सगळे 'प्रापंचिक', आणि 1965 मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने प्रापंचिकांच्या प्रेषितकार्यावर एक स्वतंत्र आदेशपत्रच काढलं. शब्द अर्थाला चोख आहे, पण केळीच्या बागेत पाणी सोडताना कुणी 'मी प्रेषितकार्य करतोय' म्हणणार नाही. 'प्रापंचिक' मात्र मला फार आवडतो. 'आधीं प्रपंच करावा नेटका' हे रामदासांनी सांगून ठेवल्यामुळे मराठी कानाला प्रापंचिक माणूस दुय्यम वाटत नाही.

धातुपाठ
थोडं उकरतो. 'मिशन' लॅटिन 'मित्तेरे'वरून, म्हणजे पाठवणे. वसईकरांची 'मिस्सा', म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, तीही त्याच धातूची. लॅटिन उपासनेच्या शेवटी लोकांना निरोप देताना 'इते, मिस्सा एस्त' म्हणत, त्यातला 'मिस्सा' अख्ख्या विधीचं नाव होऊन बसला. आणि 'प्रेषित' म्हणजे संस्कृतातही पाठवलेला, मूळ ग्रीक 'अपोस्तोलोस'चं अगदी नेमकं भाषांतर. प्रॉटेस्टंटांचं मिशन, कॅथलिकांची मिस्सा आणि दोघांचे प्रेषित, तिन्हींत पाठवणंच आहे. याला खरा मराठी शब्द 'पाठवणी', पण तो लग्नाच्या मांडवातून हलणार नाही.

वसईची_वाडी
का हलू नये? रविवारी मिस्सा संपली की दारात तासभर गप्पा मारणाऱ्यांची पाठवणी करायलाच हवी.

टाळकरी
मी ख्रिस्ती नाही, तरी 'सेवा'बद्दल बोलतो. आमच्याकडे कीर्तनकार उभा राहिला की 'कीर्तनरूपी सेवा' म्हणतो. सोवळ्यातला शब्द नाही हा, पायताणं सांभाळणाराही सेवाच करतो. तुमच्यात कसा वापरतात?

सदाफुली
टाळकरीबुवा, तिथेच घोटाळा आहे. आमच्याकडे 'वचनाची सेवा' म्हणजे प्रवचन, आणि 'मुलगा सेवेत आहे' म्हणजे तो पूर्णवेळ पाळक (आमचा धर्मगुरू) झाला. त्याची बहीण जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं शिकवते, ती 'नोकरी' करते! बायबलमधल्या 'सेवे'चा मूळ ग्रीक शब्द 'दियाकोनिया', त्यात पंगतीत वाढण्याचाही अर्थ आहे. आम्ही वाढपी विसरलो आणि वक्ता ठेवला. 'सेवा' वापरला तर वाचकाला वाटेल, लेख पाळकांसाठी आहे.

ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचं आठवतं. 1917 साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला, बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांसाठी. कामासाठी मिशनच्या बाहेर पडावं लागलं, म्हणजे शब्द तेव्हाच अपुरा पडत होता.

मधली_सुट्टी
मग 'साक्ष' घ्या की.

धातुपाठ
'साक्ष'ला दोन अडचणी. एक, कोर्टाचा वास. दोन, 'साक्षी' म्हणजे डोळ्यांनी पाहणारा, आणि वेदान्तात तो नुसताच पाहतो, कशात पडत नाही. 'साक्षीभाव' म्हणजे अलिप्तपणा. तुम्हांला हवंय नेमकं उलटं.

सदाफुली
साक्षीभावाचा मुद्दा मान्य, तो डोक्यात आला नव्हता. पण आमच्या वापरातली खरी अडचण तिसरीच आहे. 'साक्ष देणे' म्हणजे घरगुती प्रार्थनेत उभं राहून स्वतःविषयी सांगणं: मी आजारी होतो, प्रभूने उठवलं. मनापासून सांगतात लोक, मीही सांगितलीय. पण ती साक्ष स्वतःची स्वतःच दिलेली असते, आणि ऐकणारे सगळे आधीच आपल्या बाजूचे!

म्हणून काल बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाचा पहिला अध्याय काढला. आठव्या वचनात 'तुम्ही माझे साक्षी व्हाल' असं आहे. क्रियापद 'व्हाल' आहे, 'द्याल' नाही. इतकी वर्षं पाठ असून लक्ष गेलं नव्हतं.

धातुपाठ
ग्रीकमध्येही तसंच आहे, 'एसेस्थे', व्हाल. आणि बायबलमधल्या, तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात (3:7) मंडळीच्या अध्यक्षासाठी एक अट आहे. मूळ ग्रीकचा शब्दशः अर्थ: बाहेरच्यांकडून त्याला चांगली साक्ष असावी. म्हणजे साक्ष देणारा बाहेरचा, आणि तुम्ही तिचा विषय. अलिप्ततेचा माझा आक्षेप इथे लागू होत नाही, मागे घेतो.

टाळकरी
तुकोबांचं 'सत्य असत्याशी मन केलें ग्वाही' घ्या. मराठीत साक्ष 'पटते'सुद्धा. दिली म्हणून पटत नाही, ऐकणाऱ्याला पटावी लागते.

वसईची_वाडी
टाळकरीबुवांचं 'पटणे' आवडलं. 'ग्वाही' मात्र नको, तो आता मंत्र्यांच्या भाषणात गेला: रस्ते होतील अशी ग्वाही दिली.

मधली_सुट्टी
पंडिता रमाबाईंनी बायबलचं भाषांतर साध्या बायांना कळेल अशा मराठीत केलं, केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या स्त्रियांनीच ते छापलं, 1924 मध्ये बाहेर आलं. तीच कसोटी लावा. शब्द आजीला विचारा.

सदाफुली
आजी आता नाही. पण तिच्यामुळेच माझं ठरतंय. आमच्या पेठेतला किराणावाला तिच्या उधारीची वहीच ठेवायचा नाही. नव्या नोकराने विचारलं तर म्हणाला, 'मिशनातल्या बाई आहेत, त्या सांगतील तोच आकडा.' आजीने त्या दुकानात कधी धर्माचा विषय काढल्याचं मला आठवत नाही. ती फक्त मोड परत मोजायची, आणि जास्त आली असली तर उन्हातून परत जायची.

शीर्षक 'बाहेरच्यांची साक्ष' ठेवतेय. उपशीर्षकात 'प्रापंचिक' टाकलाय, प्रॉटेस्टंट वाचक कुरकुरतील. 'मिशन' एकदाच येईल, किराणावाल्याच्या तोंडी.