क्लिक ट्रॅक आणि पहिला अल्बम

पहिला अल्बम रेकॉर्ड करताना क्लिक, म्हणजे लय धरायला कानात वाजणारी ठरावीक वेगाची टिकटिक, लावावी का? 'क्लिक लावला की गाण्यातला जीव जातो' असं काही जण म्हणतात, ते अर्धंच पटलं. आमच्या ड्रमरलाही क्लिक नकोच होता. नंतर ऐकताना कळलं, कोरस आला की पठ्ठ्या दर वेळी पळतोय! त्या ड्रमवर नंतर गिटार डब (वेगळी रेकॉर्ड) करताना माझ्या नाकी नऊ आले. शेवटी ड्रम, बेस, गिटार एकत्रच वाजवून घेतलं, गायन तेवढं नंतर.

बीटल्सनी ११ फेब्रुवारी १९६३ ला एका दिवसात पहिल्या अल्बमची दहा गाणी उरकली, पण त्यातली बरीचशी स्टेजवर घोटलेली होती. त्यांचा गायक जॉन लेनन, त्याला सर्दी झालेली, म्हणून घसा फाडणारं गाणं मुद्दाम शेवटी ठेवलं. तुमच्या गायकालाही तेच सांगा. आणि हो, स्नेअर ड्रमचं नवं हेड (वरचा पडदा) आदल्या दिवशीच चढवा. ते बसेपर्यंत सूर उतरत राहतो.