गटारी अमावस्येच्या आधी पिंपाचा स्मोकर

प्रेषक: सहल समिती

ह्यूस्टन परिसरातल्या मंडळींनो, नमस्कार.
आषाढ सरत आला. श्रावण लागण्याआधीच्या शनिवारी सहल आहेच. यंदा गॅसच्या ग्रिलवर चिकन उलटंपालटं करत बसण्यापेक्षा ५५ गॅलनच्या लोखंडी पिंपाचा स्मोकर, म्हणजे कोळशाच्या धुरात सावकाश मांस शिजवायची भट्टी, करायचं समितीने मनावर घेतलंय. एका गॅरेजवाल्याकडे रिकामं पिंप फुकट मिळतंय. आधी त्यात कूलंट (इंजिन थंड ठेवायचं द्रव) होतं, साबणाने घासून धुऊ. वेल्डिंग मात्र आमच्यात कोणालाच येत नाही. काका, तुमच्या बॅकयार्डात एक काळं पिंप दिसतं, म्हणून मुद्दाम विचारतोय.

प्रेषक: काका, केटी

अरे बाबा, ते फुकटचं पिंप आणू नकोस. कूलंट म्हणजे बहुतेक वेळा इथिलीन ग्लायकॉल, चक्क विष. पिंपाच्या सांध्यात मुरलेलं साबणाने निघत नाही. तेलाचं किंवा थिनरचं पिंप तर त्याहून वाईट. आत उरलेल्या वाफेला ड्रिलची एक ठिणगी पुरते. जन्म रिफायनरीत गेला म्हणून सांगतो, भरलेल्या पिंपापेक्षा रिकाम्याला जास्त भ्यावं.

मध, टोमॅटो पेस्ट असलं काही भरलेलं पिंप चालेल, पण आत डोकावून बघ. लालसर किंवा तपकिरी अस्तर दिसलं तर ते इपॉक्सी. ते काढायचं तर आत लाकडांचा मोठा जाळ करून जाळावं लागतं आणि मग पत्रा उघडा पडेपर्यंत वायर ब्रशने घासावं लागतं. इथे उन्हाळ्यात काउंटीची उघड्यावर जाळायला अनेकदा बंदी असते, शेजारी फोन करायला टपलेलेच असतात. त्यापेक्षा पैसे टाक आणि आतून अस्तर नसलेलं, अख्खं झाकण निघणारं नवं पिंप घे. झाकणाच्या कडेचं रबर काढून टाक. जस्ताचा मुलामा दिलेलं काहीही नको, जाळीसुद्धा. जस्त फार तापलं की त्याचा धूर छातीत जातो आणि रात्री थंडी वाजून ताप भरतो.

वेल्डिंग लागत नाही. तळापासून दोनेक इंचावर पाऊण इंची निपल (आटे पाडलेले नळीचे छोटे तुकडे) बसतील अशी चार भोकं पाड, हवा आत यायला. तिघांना टोपण, चौथ्याला बॉल व्हॉल्व्ह, म्हणजे हवा कमी-जास्त करायची तोटी. वरच्या काठापासून सात इंच खाली चार बोल्ट आतून बाहेर आले की त्यांवर जाळी टेकते. २२ इंची केटल ग्रिलची जाळी यात बरोब्बर बसते. कोळशाची टोपली जाड जाळीची कर आणि तळापासून तीन इंच उचललेली ठेव, नाहीतर राखेनेच आग गुदमरते. टोपलीचा तळ आणि मांसाची जाळी यांत साधारण दोन फुटांचं अंतर हवं. झाकणाला अर्ध्या इंचाची आठ भोकं. थर्मामीटर झाकणावर नको, जाळीच्या पातळीला लाव.

आता खरी गंमत. टोपली न पेटवलेल्या कोळशाने भरायची आणि वर मूठ-दोन मूठ पेटलेले निखारे टाकायचे. आग वरून खाली सावकाश सरकते. काटा २०० फॅरनहाइटला आला की लगेच टोपणं लावायला घ्यायची. २५० झाल्यावर धावलात तर ३५० ला जाऊन पोचतं आणि पुन्हा खाली यायचं नाव घेत नाही. झाकण उघडं ठेवून गप्पा मारू नयेत, हवा मिळाली की निखारे भडकतात. धूर पातळ, निळसर दिसला पाहिजे. पांढरा दाट धूर सुटला असेल तर थांबा, मांस कडू होतं. लाकूड पोस्ट ओक किंवा पेकॅनचं. मेस्कीट उग्र, जपून.

ब्रिस्केटचा, म्हणजे गाईच्या छातीच्या मांसाचा, विषय काढत नाही. मागच्या वेळी त्यावरून किती ई-मेल झाल्या ते सगळ्यांना आठवत असेल.

प्रेषक: शुगरलँडहून वहिनी

काका, दोन शंका. शाकाहारी मंडळींचं काय? आणि सासूबाई अलिबागहून आल्यात. त्या म्हणतात, एवढा खटाटोप करताय तर पिंपात पोपटीच लावा.

प्रेषक: काका, केटी

वहिनी, सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, पण पोपटी यात व्हायची नाही. तिथे मडकं उपडं घालून भोवती जाळ करतात आणि शेंगा, अंडी, चिकन सगळं भांबुर्ड्याच्या पाल्याच्या वाफेत शिजतं. धुराचा आत शिरकावच नाही. इथे सगळा खेळ धुराचा. शिवाय फ्रोझन पापडी मिळेल, भांबुर्डा कुठून आणणार?

शाकाहारींसाठी वर चार बोल्ट आणखी मारून दुसरी जाळी लावू. भाज्या वरच्या जाळीवर, म्हणजे चिकनची चरबी त्यांवर ठिबकणार नाही. त्यांचं आधी काढून घेऊ, मग मांस. पनीर, कणसं, कांदे छान होतात. भरताची वांगी मात्र इथे नकोत, साल करपतच नाही. ती थेट निखाऱ्यांवर.

चिकनला २५० वर ठेवलं तर कातडी रबरासारखी राहते. टोपणं उघडून ३२५ पर्यंत नेऊ. मांडीच्या आत थर्मामीटरचा काटा खुपसून १६५ दिसल्याशिवाय कोणाच्याही ताटात वाढायचं नाही, पोरं कितीही ओरडली तरी.

प्रेषक: सहल समिती

गॅरेजवाल्याला नाही म्हणून कळवलं. नवं पिंप गुरुवारी येतंय. होल सॉ (ड्रिलला लावून गोल भोक पाडायची करवत) कोणाकडे आहे?

प्रेषक: काका, केटी

माझ्याकडे आहे. शुक्रवारी सकाळी सातला या, दुपारी पत्र्याला हात लावता येत नाही. त्याच दिवशी आतून तेलाचा हात फिरवून चार-पाच तास रिकामंच पेटवून ठेवू. पार्कात कोळसा चालतो का, ते समितीने आधी विचारून घ्यावं.